डायलिसिस मशीनवर सोडियम 140, रक्ताच्या रिपोर्टमध्ये 134. चूक कुणाची?

बहुतेक कुणाचीच नाही. तुम्ही विचारलंय की वडिलांच्या मशीनवर कायम 140 दिसतं, रिपोर्ट दर महिन्याला 134-135 येतो आणि घरी आल्यावर त्यांची तहान काही केल्या भागत नाही, तर मशीन बिघडलंय का? मी डायलिसिस टेक्निशियन आहे, या कामात बरीच वर्षं गेली, तेव्हा मशीनच्या बाजूने सांगतो. सेटिंग बदलायचं की नाही हे मात्र तुमच्या नेफ्रोलॉजिस्टनीच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच, ठरवायचं.

रिपोर्टमधला आकडा रक्ताचा. स्क्रीनवरचा आकडा डायलायझरमधून, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरमधून, रक्ताच्या पलीकडच्या बाजूने वाहणाऱ्या द्रावणाचा, आणि तोही मोजलेला नाही, आम्ही सेट केलेला. नेहमीच्या मशीनमध्ये सोडियम मोजणारा सेन्सर नसतोच. आरओचं पाणी, पार्ट ए म्हणजे क्षार आणि आम्लाचं द्रावण, आणि पार्ट बी म्हणजे बायकार्ब (खायच्या सोड्याचं द्रावण) एकत्र होऊन जे तयार होतं त्यातून वीज किती सहज जाते एवढंच ते बघतं. ही कंडक्टिव्हिटी 14 च्या आसपास असली की सोडियम 140 च्या आसपास आहे असं धरायचं. पण वीज एकटं सोडियम वाहून नेत नाही. क्लोराइड, बायकार्ब, पोटॅशियम सगळेच त्यात हातभार लावतात.

आता अचूकपणाचं बघू. कंडक्टिव्हिटीचा अलार्म साधारणपणे पाच टक्के फरक पडला की वाजतो. 14 चे पाच टक्के 0.7, म्हणजे सोडियमच्या हिशोबात सुमारे 7. द्रावण 140 ऐवजी 143 चं जात असेल तर मशीन हूं की चूं करणार नाही. द्रावणाचे नमुने लॅबमध्ये तपासून केलेले अभ्यास आहेत. त्यांतही सेट केलेलं आणि प्रत्यक्षात मिळालेलं सोडियम तंतोतंत जुळत नाही असंच दिसलंय.

हा फरक येतो कुठून? बऱ्याचदा पार्ट ए-बीच्या कॅनमधून. आपल्याकडे अनेक युनिटमध्ये पार्ट बी पावडर आणून तिथेच आरओच्या पाण्यात विरघळवतात. सकाळच्या शिफ्टला पेशंट दारात उभे, कॅन हलवायचा कंटाळा, आणि तळाशी पांढरा थर तसाच. पाणी खुणेच्या थोडं वर गेलं तरी तेच. काही मशीन ठरलेल्या प्रमाणात मिसळतात आणि कंडक्टिव्हिटी फक्त तपासतात, काही ती बघून प्रमाण बदलत राहतात. पण ओतलेलंच गडबड असेल तर दोन्हींना मर्यादा आहेत. त्यात सेन्सरचं कॅलिब्रेशन वेळेवर झालं नसेल तर बघायलाच नको. म्हणून हातात धरायच्या वेगळ्या मीटरवर अधूनमधून ताडून बघणारं युनिट मला आवडतं.

लॅबचा आकडाही दगडावरची रेघ नाही. आज 134, उद्या 136 हे चालायचंच. वडिलांना डायबेटिस असेल तर त्या दिवशीची साखर नक्की बघा: साखर 100 च्या वर दर 100 ने वाढली की सोडियम साधारण 1.6 ने कमी दिसतं. साखर 350 असेल तर तिथेच 4 चा फरक पडला. शिवाय रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी, नळीत सलाईन जाण्यापूर्वी घेतलेलं हवं.

पण मला विचाराल तर तुमच्या वडिलांच्या बाबतीत मशीन 140 म्हणजे खरंच 140 देतंय का, यापेक्षा त्यांना 140 हवंय का हा प्रश्न मोठा आहे. प्रत्येक पेशंटचं डायलिसिसआधीचं सोडियम महिनोन्महिने एका ठरावीक आकड्याभोवतीच फिरतं. साखरेचा हिशोब धरूनही ते 136 च असेल आणि द्रावण 140 चं, तर चार तासांत सोडियम रक्तातून बाहेर जाण्याऐवजी आत येतं. साठ किलोच्या माणसाच्या अंगात 35 लिटरच्या आसपास पाणी असतं. फरक 3 चा असला आणि तो पूर्ण भरून निघाला तरी सुमारे 6 ग्रॅम मीठ अंगात गेलं, म्हणजे चहाचा एक चमचा. मग तहान लागणार, पाणी प्यायलं जाणार, पुढच्या वेळी वजन वाढलेलं आणि बीपी चढलेलं. आपल्याकडे पुष्कळ जणांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होतं, त्यामुळे हे पाणी अंगात जास्त दिवस राहतं.

आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. पेशंटच्या पायात गोळे आले किंवा बीपी पडलं की सोडियम वाढवायचं. लगेच आराम पडतो, शिफ्ट शांत जाते. त्याची किंमत पेशंट घरी तहानेत मोजतो. पुढच्या वेळी पाणी जास्त काढावं लागतं, म्हणून पुन्हा गोळे, पुन्हा सोडियम. हे चक्र कितीतरी जणांचं बघितलंय.

याचा अर्थ उद्या जाऊन 134 लावा म्हणू नका. 1960-70 च्या काळात 130 च्या आसपासचं सोडियम वापरायचे, तेव्हा गोळे, डोकेदुखी, बीपी पडणं हे नेहमीचं होतं. म्हणून तर ते पुढे वाढत गेलं. कमी करायचं झालंच तर डॉक्टर एक-दोनने, बीपीवर लक्ष ठेवून करतात. आणि रिपोर्ट 125 सारखा फारच कमी आला तर तो घाईने वर आणणंही मेंदूला धोक्याचं असतं.

तुम्ही एवढं करा. मागच्या चार-सहा महिन्यांचे डायलिसिसआधीचे सोडियम, त्या दिवसांची साखर, दोन डायलिसिसमधली वजनवाढ आणि बीपी एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. युनिटमध्ये विचारा की सोडियम सगळ्यांनाच 140 लावता का, आणि कंडक्टिव्हिटी शेवटची कधी तपासली. चांगला टेक्निशियन या प्रश्नाने चिडत नाही.

घरी लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी बंद. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ मात्र चुकूनही आणू नका: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि डायलिसिसच्या पेशंटला ते थेट हृदयावर बेततं.