टॉर्चमध्ये अडकलेले सेल

ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये सेल घट्ट बसलेत. उलटी करून आपटली तरी हलत नाहीत. काय करू?

आधी आपटणं थांबवा. संपलेला अल्कलाइन सेल आत तसाच राहिला की त्यात हायड्रोजन साठतो, सेल फुगतो आणि सीलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड (कातडी भाजणारी अल्कली) झिरपतं. हवा लागली की त्याचे पांढरे खडे बनतात आणि सेल नळीला धरून बसतो.

रबरी हातमोजे आणि गॉगल घाला. बल्बकडचा भागही आटे फिरवून निघत असेल तर काम खूप सोपं होतं. सेलच्या कडेने व्हिनेगरचे थेंब सोडा. फसफसणं थांबलं की पुन्हा थोडे. झाकण मात्र उघडंच ठेवा, नाहीतर वायू कोंडेल. मग सेलपेक्षा किंचित बारीक लाकडी दांडा एका बाजूने घालून हलके ठोके द्या. तरीही हलला नाही तर नळीवर बाहेरून हाताला सोसेल इतकं गरम पाणी ओता. नळीचं ॲल्युमिनियम सेलच्या पोलादी कवचाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. आच किंवा हीट गन अजिबात नको.

सेलला ड्रिलने भोक पाडून, त्यात स्क्रू पिळून ओढला तर?

कृपा करून नको. आतला अल्कलीचा लगदा उडून डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. टॉर्च दुसरी मिळते. आणि रिचार्जेबल लिथियम-आयन सेल असेल तर वरचे ठोके आणि गरम पाणीही नको. तो भोक पडल्यावर पेट घेऊ शकतो. अडकला असेल तर अख्खी टॉर्चच ई-कचरा संकलनात द्या.

सेल निघाले, नवे घातले, पण टॉर्च लागत नाही.

बहुतेक जण फक्त स्प्रिंग घासतात. धातूच्या बऱ्याच टॉर्चमध्ये वीज नळीतूनच परत फिरते, म्हणून जिथे झाकण टेकतं ती नळीची कडा बघा. ती काळपट असेल तर बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. स्प्रिंग आणि आटे व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग ओल्या फडक्याने, आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. गळलेले सेल साधे झिंक-कार्बनचे असतील तर व्हिनेगरऐवजी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरा, कारण त्यांचा द्रव आम्लधर्मी असतो.

पुन्हा असं होऊ नये म्हणून?

टॉर्च महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. नवा-जुना सेल एकत्र घालू नका. जुना आधी संपतो, नव्याचा प्रवाह तरीही त्याच्यातून रेटला जातो, आणि तोच आधी गळतो.