वाचकांचे प्रश्न : पडलेलं झाड उचलायचं की राहू द्यायचं?

प्रश्न : लाकडासाठी झाडं तोडली तरी तिथे पुन्हा लागवड होते. मग जंगलातली जीवसृष्टी घटते कशी? आणि वठलेली झाडं तशीच ठेवली तर कीड नाही का पसरणार?

उत्तर : झाडं मोजली तर हिशेब जुळतो, वय मोजलं की फसतो. स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष ३०० वर्षंही जगतो, पण उत्तर युरोपातल्या रोपवनांत तो साधारण ६० ते १०० वर्षांत तोडतात. ओकच्या खोडात मोठी ढोली व्हायलाच २०० वर्षांच्या आसपास लागतात. झाड म्हातारं होण्याआधीच करवत फिरली, तर ढोलीत राहणारी घुबडं, वटवाघळं, भुंगेरे जाणार कुठे?

दुसरी तूट मेलेल्या लाकडाची, आणि ती जास्त जाचते. फिनलंडमध्ये जंगलातल्या जवळपास २० ते २५ टक्के जाती त्यावर अवलंबून आहेत. दक्षिण फिनलंडच्या नैसर्गिक जंगलात हेक्टरी ६० घनमीटरांहून अधिक मेलेलं लाकूड असतं, तर व्यापारी जंगलात जेमतेम ५ च्या आसपास. निदान २० ते ३० तरी हवं.

ओंडक्यात सुरी खुपसून पाहा. पातं अडलं तर तो अजून सालीखालच्या अळ्यांचा. मुठीपर्यंत गेलं तर तो बुरशीचा नि शेवाळाचा. त्यावर स्प्रूसची रोपंही रुजतात. दोन्ही अवस्था एकाच वेळी जंगलात हव्यात, म्हणून एकदाच ढीग रचून भागत नाही.

तोड करताना काही झाडं कायमची राखा, पण झुपक्याने. मोकळ्यावर एकटं उरलेलं झाड वाऱ्याने लवकर आडवं होतं. काही खोडं ३-४ मीटर उंचीवर कापून उभी सोडा. ओंडके शक्यतो ३० सेंटिमीटरपेक्षा जाड आणि जमिनीला टेकलेले असावेत. बारीक फांद्या लवकर वाळतात आणि संपतात. जुन्या ओंडक्यांना यंत्र येण्याआधीच फीत बांधा. नाहीतर त्यांचा चुरा चाकांखालीच होतो, तोडीत नव्हे.

किडीची भीती खोटी नाही, पण ती मुख्यतः ताज्या स्प्रूसपुरती. खोडकिड्याची पिल्लावळ सालीखालच्या ओल्या थरावर पोसते. वादळात पडलेले सालीसकट स्प्रूस खूप असतील, तर किडे बाहेर पडण्याआधी ते हलवा किंवा साल तासा. साल सुटलेला, वाळलेला ओंडका मात्र उचलू नका. त्यात तो किडा वाढत नाही. त्या खोडकिड्याला खाणारे किडे मात्र तिथे असू शकतात.