बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखानदारांचं पत्र आहे. आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली, रक्तात क्लेब्सिएला हा जंतू सापडला, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडेनात. डॉक्टरांनी कॉलिस्टिन आणि मेरोपेनेम एकत्र सुरू केलं. जीव वाचला, किडन्या गेल्या. आता डायलिसिस. ‘दोन जबर औषधं एकदम दिली, हा निष्काळजीपणा नाही का?’

बहुतेक नाही. अशा पत्रांत सगळा राग औषधावर असतो आणि तिथंच केस लंगडी पडते. कॉलिस्टिन किडनीला बाधतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं; दुसरं काही चालत नसेल तेव्हाच ते काढतात. मेरोपेनेमची जोड द्यावी का, यावर त्यांच्यातच दुमत आहे. २०१८ मध्ये आलेल्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत जोडीचा वेगळा फायदा दिसला नव्हता. पण मतभेदाला कोर्ट निष्काळजीपणा म्हणत नाही. अमिकासिन या अँटिबायोटिकमुळे बहिरेपण आल्याच्या तक्रारीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली होती. तुमच्या आईंची किडनी औषधाने गेली की संसर्गानेच, हेही तज्ज्ञाशिवाय सांगता येणार नाही. कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू, कोणतं औषध चालेल ते सांगणारा) हातात येऊन औषध बदलायला किती दिवस लागले, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) रोज पाहिलं का, डोस कमी केला का, एवढंच पाहण्यासारखं.

खरी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलीत. डिस्चार्जला एकवीस महिने झाले आणि हॉस्पिटलवाले ‘गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा झाली की बोलायला बसू’ म्हणतात. अहो, सुताचा व्यवहार असा तोंडी करता का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीची मुदत दोन वर्षं. बोलण्यांनी ती वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ होतो, पण सबळ कारण लागतं. ‘आशेवर होतो’ हे कारण सहसा चालत नाही. मुदत डिस्चार्जपासून धरायची की किडनी कायमची गेल्याचं कळलं तेव्हापासून, यावर भांडता येईल. तशी वेळ आणू नका.

आजच केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ७२ तासांत कागद द्यावेत असा नियम आहे. नाही दिले तरी वाट न पाहता सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. कागद नंतर मागवता येतात. बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. निकाल तीन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. ते मनावर घेऊ नका, वर्षं जातात. बोलणी त्यानंतरही करता येतील.