खरं सांगितलं म्हणून क्लेम गेला का?

"ताई, मी खरं बोलले म्हणून पैसे गेले."

खुर्चीत टेकल्या टेकल्या ती हे बोलली. मांडीवर प्लास्टिकची फाइल, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. शेजारी नवरा, नजर खाली. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा सहा वर्षांचा. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालेलं. एके रात्री त्याला आकडी आली. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये आकडीचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, पण हे माहीत असून काय, ते प्रत्यक्ष पाहताना कुणाचाही धीर सुटतो. दोन रात्री मुलगा ॲडमिट होता. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "आधीचं काही?" आईनं सांगितलं, "ऑटिझम आहे." ते डिस्चार्ज समरीत आलं. वडिलांच्या ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेमवर क्लेम टाकला, तो महिनाभरानं परत आला. कारण एका ओळीचं: विकासात्मक विकारांवरचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

त्या दिवसापासून घरात एकच वाक्य फिरत होतं. "तुला सांगायची काय गरज होती?" नवरा ते एकदाच बोलला होता. ती मात्र रोज ऐकत होती.

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. कधी क्लेम गेल्यावर येतो, कधी पॉलिसी घेण्याआधीच: फॉर्मवर निदान लिहायचं की नाही? शेजारचे, नात्यातले, कधी एजंटसुद्धा म्हणतात, "नका लिहू, कोण बघतंय?" माझं उत्तर ठाम आहे. लिहायचं. विम्याचा करार माहिती न लपवण्याच्या विश्वासावर उभा असतो. लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली, तर ऑटिझमशी संबंध नसलेला क्लेमही कंपनी नाकारू शकते, पॉलिसी रद्द करू शकते. आणि अशा मुलाच्या बाबतीत गोष्ट लपतही नाही. वॉर्डात पाय ठेवल्यावर पाच मिनिटांत नर्सच्या लक्षात येतं.

पण पहिल्या भेटीत मी यातलं काहीच बोलले नाही. त्या बाईला कायदा नको होता. आपल्या खरेपणामुळे घराचं नुकसान झालं, हे ओझं तिला कुठेतरी उतरवायचं होतं. मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "आकडी थांबवताना डॉक्टरांना तिनं ऑटिझमचं सांगितलं नसतं, तर तुम्हाला चाललं असतं?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "नाही." आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या भेटीत फाइल उघडली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण निम्मे पालक इथेच चुकीच्या दारावर डोकं आपटतात. "ऑटिझमला विमा मिळत नाही" या एका वाक्यात दोन वेगळी भांडणं आहेत. एक, ऑटिझम आहे म्हणून मुलाला विमाच नाकारणं, किंवा आकडी, ताप, हाड मोडणं अशा दुसऱ्याच कारणाचा क्लेम ऑटिझमवर ढकलणं. दुसरं, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वर्तन थेरपी यांचा आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं चालणारा खर्च न मिळणं. पहिल्या भांडणात कायदा बराचसा आपल्या बाजूनं आहे. दुसऱ्यात अडचण बहुतेक वेळा ऑटिझमची नसतेच. आपल्याकडच्या मेडिक्लेमचा सांगाडाच दवाखान्यात दाखल होण्यावर उभा आहे, आणि थेरपी म्हणजे ओपीडी. मूल तासभर जातं आणि घरी येतं.

या घरचं भांडण पहिल्या प्रकारचं होतं. मुलगा आकडीसाठी दाखल झाला, औषधं आकडीची, तपासण्या आकडीच्या. ऑटिझम ही फक्त आधीची नोंद.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. 2019 मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, आरोग्य विम्यातून काय वगळता येणार नाही याची यादी काढली. तीत वर्तणुकीशी आणि मज्जाविकासाशी संबंधित विकार असं शीर्षक आहे आणि त्याखाली वाचा-भाषेच्या अडचणींचा स्पष्ट उल्लेख आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच नियामकानं सामान्य विमा आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांग व्यक्तींसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. त्याआधी एका दिव्यांग माणसाला विमा नाकारल्याचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. म्हणजे ही दारं आपोआप उघडलेली नाहीत, कुणीतरी आधी ठोठावली आहेत. हे मी त्या दोघांना मुद्दाम सांगितलं.

मग काम सुरू झालं. सगळ्यात आधी कंपनीकडून नकार लेखी मागवला, पॉलिसीतल्या कलमाच्या क्रमांकासह. फोनवरची मुलगी "पॉलिसीत नाही" म्हणाली, याला काडीची किंमत नाही. कोणत्या कलमात नाही, ते कागदावर हवं. तेवढं विचारल्यावरच काही क्लेम पुन्हा टेबलावर येतात, हे मी पाहिलं आहे. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र घेतलं. डॉक्टर चांगले होते, पण घाईत होते. पहिल्या पत्रात त्यांनी "ऑटिझम असलेल्या मुलाला आकडी आल्याने" असं लिहिलं. आईनं ते परत नेलं. दुसऱ्या पत्रात वाक्य असं झालं: "रुग्णास आकडीसाठी दाखल केले. सर्व उपचार आकडीवर केले. या दाखल काळात ऑटिझमवर कोणताही उपचार केला नाही." सारा क्लेम या तीन वाक्यांवर फिरला, असं मला आजही वाटतं.

ही दोन्ही कागदपत्रं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल केला. टीपीएला नाही, कंपनीला. टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेमची कागदपत्रं हाताळणारी संस्था, फक्त मधला हात आहे. तीच तक्रार आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवली. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढची पायरी विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातल्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं असतं. या दोघांना तिथवर जावं लागलं नाही. सात आठवड्यांनी क्लेमची बहुतेक रक्कम खात्यात आली. तिनं मला मेसेज केला, त्यात फक्त बँकेच्या मेसेजचा फोटो होता.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. थेरपीचा खर्च तसाच उभा होता.

त्यासाठी मी त्यांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेकडे पाठवलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आधीपासून असलेला आजार आड येत नाही, वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपी यांनाही त्यात जागा आहे. प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा आहे, थेरपीची मर्यादा वर्षाच्या खऱ्या खर्चापुढे तोकडी पडते. तरीही घ्यावीच. दरवर्षी नूतनीकरण लक्षात ठेवावं लागतं.

पण निरामयसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र हवं, आणि हे दोघं ते तीन वर्षं टाळत आले होते.

ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना आपल्याकडे 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात. 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. नजरेला नजर देतो का. हसलं की हसतो का. आईनं सांगितलं, "ताई, मी प्रत्येक उत्तराला काहीतरी चांगलं जोडत होते. हल्ली बघतो हो कधीकधी. परवा आजीकडे बघून हसला." समोरचे तज्ज्ञ सज्जन होते, ते थांबले आणि म्हणाले, "रोजचं सांगा, परवाचं नाही."

ती घरी येऊन रडली. मला यात तिची चूक दिसत नाही. ज्या आईनं तीन वर्षं मुलाच्या एकेका नव्या शब्दाची वाट पाहिली, तिला आता कागदोपत्री त्याचं उणं सिद्ध करायचं होतं. क्लेम, प्रमाणपत्र, कर सवलत, सगळीकडे तेच. (जुन्या करपद्धतीत अशा मुलाच्या पालकांना 75 हजारांची वजावट आहे, तीव्र दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची. तिलाही दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.) मी तिला दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला सांगितल्या. फाइलमध्ये फाइलची भाषा. आणि घरी एक वही, तीत फक्त त्यानं आज काय केलं ते. पुढच्या भेटीत ती वही घेऊन आली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: "आज चप्पल स्वतः घातली. उलटी. मी सरळ केली नाही."

राहिला ऑफिसचा मार्ग. ग्रुप पॉलिसी दरवर्षी नव्यानं ठरते. कंपनीनं ठरवलं तर तीत ओपीडी घेता येते, थेरपीची रक्कम घालता येते. एच.आर.कडे कुणी मागितलंच नाही, तर विमा कंपनी स्वतःहून देत नाही. मागायचं वडिलांनी होतं. तेव्हा कळलं की ऑफिसात मुलाबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. एच.आर.च्या फाइलमध्ये डिस्चार्ज समरी होती, पण तोंडानं तो कधी बोलला नव्हता.

त्यानं आधी लिहून आणलेला मसुदा असा होता: "काही कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना थेरपीची गरज भासू शकते." मी विचारलं, "हे काही कर्मचारी कोण?" तो हसला नाही. त्या भेटीतला पाऊण तास आम्ही तीन ओळींवर घालवला. शेवटी त्यानं त्या मोठ्यानं वाचल्या. "माझ्या मुलाला ऑटिझम आहे. त्याला आठवड्याला चार थेरपी सेशन लागतात. पुढच्या नूतनीकरणात ओपीडी थेरपीचा समावेश व्हावा, अशी विनंती आहे." पहिलं वाक्य वाचताना त्याचा आवाज अडकला. बायकोनं पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर सरकवला.

त्या वर्षी एच.आर.नं नाही म्हटलं. प्रीमियम वाढतो, मागणारा एकच. पण दुसऱ्या विभागातल्या दोघांना ही गोष्ट कळली आणि ते जेवणाच्या सुट्टीत वेगवेगळे त्याच्याकडे आले. एकाची मुलगी, एकाचा पुतण्या. पुढच्या नूतनीकरणाआधी पत्रावर तीन सह्या होत्या आणि थेरपीसाठी छोटी रक्कम मंजूर झाली. वर्षातल्या काही महिन्यांचा खर्च निघेल एवढीच. मी ती कमी समजत नाही.

परवा तो एकटाच आला होता. सांगत होता, त्या मुलीच्या वडिलांचा एक क्लेम आता अडकला आहे आणि रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. "काय सांगितलंत?" मी विचारलं.

"म्हटलं, फोनवर भांडू नका. आधी कलमाचा क्रमांक लेखी मागा. आणि वहिनींना काही बोलू नका."