रिलेचे पॉइंट का जळतात?

वाचकांचे प्रश्न : विद्युत आणि यंत्रे

प्रश्न : मकरपुरा औद्योगिक वसाहतीत माझे कंट्रोल पॅनेल जुळणीचे छोटे वर्कशॉप आहे. खाद्यतेलाच्या बाटल्या भरणाऱ्या एका यंत्राच्या पॅनेलमधील दोन रिले (विजेने चालणारे स्विच) वारंवार निकामी होतात. एकावर २४ व्होल्ट डीसीचा, १२ वॅटचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलच्या चुंबकाने उघडणारी झडप) आहे आणि दुसऱ्यावर २३० व्होल्ट एसीच्या कॉन्टॅक्टरची (मोठे भार जोडणाऱ्या स्विचची) कॉइल. दोन्ही रिलेंवर १० अँपिअर असे छापलेले असून प्रत्यक्षात प्रवाह अर्ध्या अँपिअरपलीकडे जात नाही. व्हॉल्व्हवर डायोड लावल्यावर ठिणगी थांबली, पण प्रत्येक बाटलीत थोडे तेल जास्त पडू लागले. कॉन्टॅक्टरच्या रिलेच्या पॉइंटवर (मिटणाऱ्या-उघडणाऱ्या संपर्कांवर) ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर रिले सुटल्यावरही कॉन्टॅक्टर गुणगुणत धरूनच राहतो. काय करावे? — एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : रिलेवर छापलेले १० अँपिअर हे हीटरसारख्या निव्वळ रोधाच्या भारासाठी आणि बहुधा २५० व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी एवढ्यापुरतेच दिलेले असतात. उत्पादकाच्या माहितीपत्रकातील डीसीचा आलेख आपण पाहिलात, तर ११० व्होल्टला याच रिलेची क्षमता एक अँपिअरच्याही खाली घसरलेली दिसेल. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि त्या क्षणी आर्क, म्हणजे पॉइंटमधली सलग ठिणगी, आपोआप विझू शकतो. डीसीमध्ये अशी सवड कधीच मिळत नाही, म्हणून पॉइंटमधले अंतर पुरेसे वाढेपर्यंत आर्क जळतच राहतो. चांदीच्या पॉइंटवर साधारण १२ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर या दोन्ही मर्यादा ओलांडल्या की आर्क तग धरू लागतो. आपला व्हॉल्व्ह अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे तो या सीमेच्या जेमतेम पलीकडे आहे.

शिवाय व्हॉल्व्ह म्हणजे कॉइल. पॉइंट उघडताना तिच्यात साठलेल्या चुंबकीय ऊर्जेला कुठेतरी वाट हवी असते. ती मिळाली नाही, तर कॉइलच्या टोकांवरचे व्होल्टेज उलट दिशेने काही शे व्होल्टपर्यंत, प्रसंगी हजाराच्याही वर उसळते आणि पॉइंटमधल्या हवेतूनच वाट काढते. डायोडने ती वाट मिळाली, म्हणून ठिणगी थांबली. परंतु डायोडवर जेमतेम ०.७ व्होल्ट पडत असल्यामुळे प्रवाह कॉइलमध्येच फिरत राहून सावकाश ओसरतो, व्हॉल्व्हचा प्लंजर उशिरा सुटतो आणि तेवढ्या वेळात तेल वाहत राहते. टायमरमध्ये तितका वेळ कमी करून भागेल असे कोणालाही वाटेल. पण कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि सुटण्याचा वेळ बदलतो, त्यामुळे सकाळी बसवलेले माप मे महिन्याच्या दुपारी, पॅनेलचे दार बंद असताना, जुळणार नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे डायोडला २४ व्होल्टचा, ५ वॅटचा झेनर (ठरावीक व्होल्टेजलाच उलट दिशेने वाहू देणारा डायोड) उलट तोंडाने एकसर जोडून ही जोडी व्हॉल्व्हच्या टोकांवर बसवणे. डायोड १एन४००७ चालेल, आणि त्याची पट्टी धन टोकाकडेच हवी. आता प्रवाहाला २४ व्होल्टचा विरोध होतो आणि तो कितीतरी लवकर संपतो. याची किंमत अशी की उघडताना पॉइंटवर २४ ऐवजी सुमारे ४९ व्होल्ट येतात. अर्धा अँपिअर ४९ व्होल्टला तोडणे आपल्या रिलेच्या डीसी आलेखात बसते का, हे आधी तपासावे. बसत नसेल, तर दोन पॉइंटांच्या रिलेचे दोन्ही पॉइंट एकसर जोडावेत. एकाच आर्कचे दोन तुकडे झाले की तो लवकर विझतो. हे सर्व भाग पॅनेलमध्ये न ठेवता व्हॉल्व्हच्या प्लगमध्येच बसवावेत, असा माझा आग्रह आहे. लांब वायरमधून उसळी पॅनेलपर्यंत आली, तर वाटेत सेन्सरच्या वायरींनाही ती त्रास देते.

हाच विचार रिलेच्या स्वतःच्या कॉइललाही लागू आहे. तिच्यावर नुसता डायोड असेल, आणि तयार रिले बोर्डांवर तो बहुधा असतोच, तर आर्मेचर, म्हणजे पॉइंट हलवणारी पट्टी, रेंगाळत सुटते, पॉइंट सावकाश दूर होतात आणि आर्क जास्त वेळ जळतो. कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी लावलेला डायोड पॉइंटचे आयुष्य कमी करतो, हे पॅनेल बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. तिथेही डायोडबरोबर झेनर लावावा. मात्र दोहोंचे मिळून होणारे व्होल्टेज ट्रान्झिस्टरला सोसवले पाहिजे.

आता कॉन्टॅक्टर. ५० हर्ट्झला ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टवर सुमारे ३४ मिलिअँपिअर वाहतात आणि मध्यम आकाराच्या कॉन्टॅक्टरला धरून राहण्यासाठी लागणारा प्रवाह साधारण तेवढाच असतो. म्हणजे पॉइंट उघडला, तरी कपॅसिटर कॉइलला पोसतच राहिला. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे त्याला रोध जोडलेला नाही. पॉइंट मिटण्याच्या क्षणी तो शिखर व्होल्टेजला, म्हणजे ३२५ व्होल्टपर्यंत भारलेला असू शकतो, आणि मग तो थेट पॉइंटमधूनच रिकामा होतो. उघडतानाची ठिणगी कमी झाली खरी, पण पॉइंट मिटताना चिकटण्याची सोय मात्र करून ठेवली.

तो कपॅसिटर काढून टाकावा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व १०० ते २२० ओहमचा रोध यांचा एकसर जोडलेला स्नबर (ठिणगी शमवणारी जोडी) कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर, म्हणजे ए१ आणि ए२ या टर्मिनलवर, लावावा. तिथे लावलेला स्नबर रिले उघडल्यावर कॉइलला काहीही पुरवू शकत नाही. पॉइंटवरच लावावा लागला, तर ०.१ मायक्रोफॅरडमधून सात मिलिअँपिअर गळतात हे ध्यानात ठेवावे. इंडिकेटरचा छोटा दिवा तेवढ्यावरही मिणमिणत राहतो. कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा किंवा त्याहून वरचा असावा. २५० व्होल्ट डीसीचा पॉलिस्टर कपॅसिटर ३२५ व्होल्टच्या शिखराखाली फार दिवस टिकणार नाही. रोध एक वॅटचा घ्यावा. सोबत २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही (जास्त व्होल्टेजला वाट देणारा रोध), उदाहरणार्थ १४डी४३१के, कॉइललाच समांतर जोडता येतो, पण तो सुमारे ७०० व्होल्टच्या आसपास उसळी रोखतो आणि प्रत्येक मोठ्या उसळीबरोबर स्वतः थोडा झिजतो, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये. एसी कॉइलवर डायोड मात्र चुकूनही लावू नये. एका अर्ध्या आवर्तनात तो सरळ शॉर्ट होतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या जिन्यातील दहा एलईडी दिवे एकाच टायमर रिलेवर आहेत. स्नबर लावूनही रिले चिकटतो. — एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आपला पॉइंट मिटताना चिकटतो, आणि स्नबर उघडतानाच्या ठिणगीसाठी असतो. एलईडी ड्रायव्हरच्या आतील कपॅसिटर रिकामे असतात. स्विच मिटताच ते मिलिसेकंदाच्या अंशात दिव्यांच्या नेहमीच्या प्रवाहाच्या अनेक पटींनी प्रवाह ओढून घेतात. चांदी-कथिल ऑक्साइडचे पॉइंट असलेला आणि दिव्यांच्या भारासाठी वेगळी क्षमता छापलेला रिले घ्यावा, किंवा वाटेत एनटीसी थर्मिस्टर (तापल्यावर रोध कमी होणारा भाग) बसवावा. व्होल्टेज शून्य असताना मिटणारा टायमर मिळाला, तर सर्वांत उत्तम.

प्रश्न : काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासावेत का?

उत्तर : घासू नयेत. चांदीच्या ऑक्साइडचा काळेपणा प्रवाहाला फारसा अडवत नाही. घासल्याने चांदीचा थर मात्र जातो आणि कागदाचे खडे पृष्ठभागात रुतून बसतात. डीसी रिलेत एका पॉइंटवर टोक आणि समोरच्यावर तसाच खड्डा दिसला, तर धातू एकीकडून दुसरीकडे सरकला आहे असे समजावे. तो रिले बदलावा, आणि नवा बसवण्याआधी त्याच्या भारावर वरीलपैकी योग्य ते संरक्षण लावावे.