'रन' या इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ कसे काय, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचं काम करताना 'रन' या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. तेवढी एक नोंद नव्याने लिहायला कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. 1989 च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती, तीही मागे पडली. तेव्हा तुम्ही गांगरलात यात नवल नाही. मात्र यादी करून पाठांतर करू नका, त्याचा काही उपयोग होत नाही.

शाळेत शिकलेला 'धावणे' हा अर्थ जरा बाजूला ठेवा. जुन्या इंग्रजीतही हा शब्द पाण्याच्या वाहण्याला वापरत. नदी 'रन' होते, सर्दीत नाक 'रन' होतं, धुताना कपड्याचा रंग जातो तोही 'रन'च. न थांबता पुढे सरकत राहणं, हे या शब्दाचं मूळ. पुढे यंत्रयुग आलं आणि इंजिनं, घड्याळं, मागाहून संगणकाचे प्रोग्रॅम, सगळ्यांना हाच शब्द लागला. जो कारखाना किंवा संस्था सुरू ठेवतो, तोही ती 'रन' करू लागला.

इथे मराठी माणसाचं काम सोपं होतं, कारण हा सगळा भार आपण 'चालणे'वर टाकतो. घड्याळ चालतं, दुकान चालतं, संस्था चालवतात, नाटक वर्षभर चालतं. 'इट रन्स इन द फॅमिली' म्हणजे घराण्यात चालत आलेलं. म्हणून वाक्यात 'रन' दिसला की आधी 'चालणे' लावून बघा, मग 'वाहणे', आणि शेवटी 'धावणे'. बऱ्याच वाक्यांचा अर्थ एवढ्यानेच लागतो. अर्थात सगळ्यांचा नाही. 'रन अ फीवर' म्हणजे अंगात ताप असणे आणि 'रन फॉर प्रेसिडेंट' म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक लढवणे, हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. (निवडणुकीला अमेरिकेत 'रन' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'स्टँड'.)

खरी अडचण होते ती शेजारी बसलेल्या छोट्या शब्दाने. 'रन इनटू' म्हणजे अचानक गाठ पडणे, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे, 'रन थ्रू' म्हणजे भरभर नजर फिरवणे. 'रन आउट' म्हटलं की आपल्याला धावचीत आठवतं, पण 'वी हॅव रन आउट ऑफ टाइम' म्हणजे आपला वेळ संपला. हे जोड शब्द सुटे न शिकता पूर्ण वाक्यात शिका, असं मी आग्रहाने सांगेन. 'फाइव्ह डेज रनिंग'चा अर्थ 'सलग पाच दिवस', हे सुटे शब्द जोडून कधीच कळणार नाही.

वाक्प्रचारांत 'इन द लॉन्ग रन' म्हणजे दूरवरचा विचार करता, आणि 'रन ऑफ द मिल' म्हणजे सर्वसाधारण. गिरणीतून जसा निघाला तसा, निवड न केलेला माल, यावरून तो आला. 'रन अमक'मधला 'अमक' मलय भाषेतला, बेभान होऊन हल्ला करण्याला तिथे हा शब्द होता.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 'रन द गॉन्टलेट'. गॉन्टलेट म्हणजे चिलखताचा हातमोजा, पण या वाक्प्रचाराशी हातमोज्याचा काडीचाही संबंध नाही. सैन्यातली ही एक शिक्षा होती. सैनिक समोरासमोर दोन रांगा करून उभे राहत आणि अपराध्याला मधून जायला लावत, दोन्हीकडून फटके बसत. स्वीडिश भाषेत तिला 'गातलोप' म्हणत. 17 व्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला आणि ओळखीच्या 'गॉन्टलेट'शी ध्वनी जुळल्यामुळे त्याच्यातच मिसळला. शिक्षा गेली, शब्द उरला. आता चारी बाजूंनी टीका होत असताना कुणी त्यातून वाट काढली, की त्याने 'गॉन्टलेट रन केला' म्हणतात.