सांगलीच्या आयर्विन पुलाचा इतिहास काय? आणि दर पावसाळ्यात बातम्यांत त्याचंच नाव का येतं?

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण खरी गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

कृष्णेवरचा हा दगडी कमानींचा पूल १९२९ सालचा. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं आणि गादीवर दुसरे चिंतामणराव, म्हणजे अप्पासाहेब होते. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले, म्हणून नाव आयर्विन. पुढे १९३१ मध्ये गांधीजींशी करार केला तो हाच आयर्विन. त्याच्या जागी जो व्हाइसरॉय आला त्या विलिंग्डनच्या नावाचं कॉलेज सांगलीत १९१९ पासूनच होतं. दोन व्हाइसरॉय आम्ही रोज तोंडात घोळवतो, पण ते कोण हे शंभरातल्या पाच जणांना माहीत असेल. आमच्यासाठी आयर्विन म्हणजे पूल आणि विलिंग्डन म्हणजे कॉलेज, विषय संपला.

पलीकडच्या काठावर सांगलीवाडी. तिथून रस्ता इस्लामपूरकडे आणि पुढे पुणे-बंगळूर हायवेला जातो, म्हणून या पुलाचं महत्त्व.

आता बातम्यांचं. नदीची पातळी मोजायची पट्टी या पुलापाशी आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. देशात मीटर येऊन किती वर्षं झाली, पण सांगलीची नदी अजून फुटांतच वाढते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात. उत्तरही नुसता आकडा. अडतीस म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटातली मंडळी सामान हलवून मोकळी झाली असणार.

पाणी वाढायची कारणं दोन्हीकडून येतात. वरून कोयना: १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं) धरण, तिथला विसर्ग कऱ्हाडला कृष्णेत मिसळून आमच्याकडे येतो. आणि पुलाच्या थोडं खाली, हरिपूरला, वारणा येऊन मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला वाव मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. म्हणून कधी कधी सांगलीत ऊन असतं आणि आयर्विनचा आकडा मात्र चढत असतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही.

२०१९ चं सांगतो. गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, माझ्या काकांचं घर आहे. २००५ च्या पुरात आयर्विनला त्रेपन्न फुटांच्या वर पाणी गेलं होतं. त्या वेळी भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथे काकांनी लाल ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी धान्य, गाद्या, कागदपत्रं सगळं त्या रेघेच्या हातभर वर रचलं. 'एवढं काय यायचं नाही' म्हणाले, आणि गल्लीतल्या प्रत्येकाचा हिशोब हाच होता. आकडा पंचावन्नच्या पुढे गेला तेव्हा आम्ही त्यांना वरच्या मजल्यावरून बोटीत घेतलं. पाणी सत्तावन्न फुटांवर जाऊन थांबलं. पुलावर जो चारेक फुटांचा फरक, तोच घरातल्या भिंतीवर. गाद्या गेल्या, सातबारे गेले. त्या रेघेनेच आम्हाला फसवलं असं काकू अजून म्हणतात.

पूल स्वतः मजबूत आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण लोक विचारतातच. महाडचा सावित्रीवरचा दगडी पूल १९२८ चा, आयर्विनपेक्षा एका वर्षाने मोठा. तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या. त्यानंतर इथेही काळजी सुरू झाली, जड वाहनांना बंदी आली, शेजारी समांतर पुलाचं काम हाती घेतलं गेलं. दगडी कमानीला वरचं ओझं फारसं त्रास देत नाही, कारण ओझ्याने तिचे दगड एकमेकांत आणखी घट्ट बसतात. खरा शत्रू पाणी. खांबाला वळसा घालताना ते वेग घेतं आणि पायाखालची माती उकरून नेतं. वरून पूल ठणठणीत दिसतो. दुसरा शत्रू पिंपळ: सांध्यात एक बी पडलं की पुरे. सांगलीवाडीच्या बाजूने खाली उतरलात तर खांबांकडे जरा नीट बघा, रस्त्यावरून यातलं काही कळत नाही.

काकांच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं आणि बरोबर त्या दोन रेघांच्या मध्ये थांबलं. या खेपेला सामान आधीच वरच्या मजल्यावर होतं, तिसरी रेघ मात्र राहिली. रंगाचा डबा खालीच विसरला होता.